आण्णांनी न प्यालेली दारू

आमच्या आण्णांनी उभ्या जन्मात दारूला तोंड लावलं नाही. हे आधीच सांगून टाकते. एक तर पुढं वाचताना कुणाला शंका यायला नको, आणि दुसरं म्हणजे हे वाक्य मी साताऱ्यात एका टेबलासमोर उभी राहून मोठ्यानं म्हणायला हवं होतं. तिथं मी तीन वर्षं गेले आणि तीन वर्षं गप्प बसले.

आण्णा म्हणजे माझे वडील. मूळचे पलूसकडचे, पण मी कळती झाले तेव्हापासून आम्ही कुपवाडलाच. तिथल्या एमआयडीसीत एका लहान कारखान्यात ते लेथवर होते. पंपाचे शाफ्ट करायचे. पत्र्याची शेड, तीसेक माणसं, उन्हाळ्यात आत भट्टी. आमच्या दोन खोल्या तिथून सायकलनं दहा मिनिटांवर होत्या. चहा सोडला तर त्यांना कसलं व्यसन नव्हतं. तंबाखूसुद्धा नाही. ‘लेथवर हात थरथरला की बोट गेलं,’ म्हणायचे. कामावरून येताना कुणाचा तरी बाद झालेला एखादा तुकडा खिशातून आणायचे, मला व्हर्नियर द्यायचे आणि म्हणायचे, ‘मोज, गड्या.’ मी मुलगी आहे हे त्यांच्या ध्यानात असायचं की नाही कुणास ठाऊक, पण खुशीत असले की मी ‘गड्या’ असायची. माप चुकलं की मात्र नुसती मान हलवायचे आणि जेवायला बसायचे. मला ते फार लागायचं.

तर अशा बापाची पोरगी मेकॅनिकलला जाणार नाही तर कुठं जाणार! दहावीला मार्क चांगले पडले आणि साताऱ्याच्या एका कॉलेजात डिप्लोमाला माझा नंबर लागला. नव्वदच्या दशकाचा मध्य होता. वर्गात आम्ही दोनच मुली. आई म्हणत होती डीएड कर, मास्तरीण हो, घराजवळ राहा. आण्णांनी मात्र त्या दिवशी कारखान्यात सगळ्यांना चहा पाजला. प्रश्न फीचा होता. फी आणि होस्टेल मिळून जो आकडा होता तो आमच्या घरातून निघणं शक्य नव्हतं. फीमाफी मिळाली तर शिक्षण, नाही मिळाली तर घरी परत. इतकं साधं होतं ते.

फीमाफीला सगळे ‘ईबीसी’ म्हणायचे. कॉलेजातून छापील फॉर्म मिळायचा. पालकांचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे असं दाखवायचं, दाखला जोडायचा, की फी माफ. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक किराणा दुकानदार होते. त्यांचा मुलगा असाच ईबीसीवर शिकत होता. मी फॉर्म घेऊन आले तेव्हा त्यांनी काट्यावर साखर जोखता जोखता मला शिकवलं.

‘वेवसाय लिवायचा तिथं मोलमजुरी लिव. तलाठ्याकडनं दाखला घ्यायचा, मिरजेला तहसीलमधनं शिक्का मारायचा. मिटलं.’

‘काका, तुमच्या दाखल्यावर काय लिहिलंय?’

‘मोलमजुरीच की!’ असं म्हणून ते मोठ्यानं हसले. दुकान, दुकानावर माडी, दारात स्कूटर. मोलमजुरी!

माझं टाळकंच सरकलं. मी तेव्हा सोळा वर्षांची होते, वक्तृत्व स्पर्धेत ढाली मिळवलेली, आणि जगात फक्त मलाच खरं बोलता येतं अशी माझी समजूत होती. घरी येऊन मी शाईच्या पेनानं, ठसठशीत अक्षरात, वडिलांच्या व्यवसायापुढं ‘टर्नर’ लिहिलं. वर कारखान्याचं नाव. आण्णांना मी मोलमजूर लिहिणार? माप चुकलेला तुकडा ज्यांच्या हातून वर्षात एकदा पडायचा नाही, त्यांना? मग खाली वाचलं. ‘पालक नोकरीत असल्यास मालकाचा पगाराचा दाखला जोडावा.’ बरं, जोडू की. पालकांचं वार्षिक उत्पन्न किती? मी आईला विचारलं. आई म्हणाली, ‘सात तारखेला सोळाशे आनत्यात, कवा चुकल्यालं न्हाई.’ सोळाशेला बारानं गुणलं. आकडा मर्यादेच्या आत बसला. त्याच्या खाली आणखी एक रकाना होता, विद्यार्थ्याचं स्वतःचं उत्पन्न, असल्यास. तो सगळे कोरा सोडायचे. मी नाही सोडला. मे महिन्यात मी बेदाणा निवडायला जात असे, किलोवर पैसे मिळायचे, ते सगळे मांडून बेरीज लिहिली. आण्णांची सही घेतली. आता मागं वळून बघते तेव्हा त्या पोरीच्या एक कानाखाली द्यावीशी वाटते.

दाखला आण्णांनी कारखान्यातून आणायचा होता. आठ दिवस झाले तरी ‘आणतो, आणतो’ चाललेलं. शेवटची तारीख तीन दिवसांवर आली. मला धीर निघेना. दुपारच्या सुट्टीत मी स्वतःच कारखान्यात गेले. हिशेबनीस ऑफिसात डबा खात होते. हात धुऊन त्यांनी लेटरहेड काढलं, रजिस्टर उघडलं आणि लिहून, शिक्का मारून कागद माझ्या हातात दिला. त्यावर महिना अडीच हजार होते.

‘काका, चुकलंय. आण्णा सोळाशे आणतात.’

त्यांनी पेनाला टोपण लावलं. ‘पोरी, घरी जा. वडलांना विचार.’

संध्याकाळी विचारलं. आण्णा पाय धूत होते. पाय धुऊन, पुसून, चटईवर बसून त्यांनी सांगितलं. सात तारखेला रजिस्टर पुढं येतं. त्यावर अडीच हजार असतात. रेव्हेन्यू स्टँपवर सही करायची आणि पाकीट घ्यायचं. पाकिटात सोळाशे असतात. सगळ्यांचं तसंच. ‘अडीच हजार सरकारचा दर हाय. तेवढा मालकाला परवडत न्हाई,’ ते म्हणाले. उद्या पाऊस पडेल असं सांगावं त्या आवाजात.

‘आणि तुम्ही सही करता?’

‘करतो की. समदी करत्यात.’

‘म्हणजे तुम्ही खोटी सही करता!’

आई चुलीपाशी होती, ती म्हणाली, ‘तोंड सांभाळ.’ आण्णांनी तिला हातानंच गप्प केलं आणि मला म्हणाले, ‘दुसरा फारम आन. किराणावाल्यानं सांगितलंय तसं करू. मोलमजुरी लिवू. मी रजा टाकतो, तलाठ्याकडं जाऊ.’

दुसरा फॉर्म साताऱ्याला मिळणार, तलाठी आणि तहसील होऊन तो परत साताऱ्याला पोचणार, आणि हातात दिवस तीन. पण खरं सांगायचं तर अडचण ती नव्हती. धावपळ केली असती तर झालं असतं. मलाच करायचं नव्हतं. मी म्हणाले, ‘मी खोटं लिहिणार नाही. तुम्ही लिहीत असाल.’ एवढं बोलून मी जेवायलाही बसले नाही.

सकाळी आण्णा कामावर गेले आणि मी एक कोरा कागद घेतला. ‘सोबतच्या दाखल्यावर पगार अडीच हजार दाखवला असला तरी प्रत्यक्षात माझ्या वडिलांना दरमहा सोळाशे रुपयेच मिळतात. रजिस्टरवर जादा रकमेची सही घेतली जाते. तरी कृपया प्रत्यक्ष मिळणारे उत्पन्न ग्राह्य धरावे.’ खाली माझी सही. आण्णांना विचारलं नाही. आईला वाचता येत नव्हतं, तिला सांगितलं नाही. तिला बरोबर घेऊन मी साताऱ्याची एसटी धरली.

कॉलेजात स्कॉलरशिपच्या टेबलावर एक वयस्क क्लार्क होते. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. चष्मा कपाळावर, अंगात स्वेटर, बोलणं मऊ. त्यांनी फॉर्म वाचला. बेदाण्याच्या रकान्याशी आल्यावर हसले. ‘असं कुणी लिहितं होय बाळ!’ म्हणाले. मग माझा कागद वाचला आणि हसायचे थांबले.

‘हे काढून घे.’

‘खरं आहे ते.’

‘असेल. तरी काढून घे. वडलांना माहीत आहे का?’

‘आहे,’ मी म्हणाले. अख्ख्या फॉर्मात एक शब्द खोटा लिहायचा नाही म्हणणारी मी, त्यांच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलले.

भाऊसाहेबांनी चष्मा खाली ओढला आणि कागदावर आवक शिक्का मारला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! बाहेर बाकावर आई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिला म्हणाले, ‘झालं काम.’ ती बिचारी तिथूनच देवाला हात जोडायला लागली.

कॉलेज सुरू झालं. अर्जाचा निकाल लागेपर्यंत फीला थांबू, असं कॉलेजनं सांगितलं. मी होस्टेलवर राहिले, वर्कशॉपचा निळा कोट शिवला, पहिल्याच आठवड्यात लेथपाशी उभी राहिले. सरांनी व्हर्नियर हातात दिलं आणि मी सगळ्या पोरांआधी माप सांगितलं. असे वीस-बावीस दिवस गेले. नागपंचमीला मी घरी आले. आईचं माहेर शिराळ्याचं, त्यामुळं आमच्या घरात दिवाळीपेक्षा पंचमीचं कौतुक जास्त. पण घरात पुरणाचा वास नव्हता. चूल थंड. भर दुपारी, कामाच्या दिवशी, आण्णा घरात चटईवर बसलेले.

कॉलेजनं माझ्या कागदाची नक्कल जोडून कारखान्याला पत्र पाठवलं होतं. दोन आकड्यांपैकी खरा कुठला, ते कळवावं.

मालकानं आण्णांना केबिनमध्ये बोलावलं होतं. आरडाओरडा केला नाही. खुर्ची दिली, चहा मागवला. हा मालक दिवाळीला सगळ्यांच्या घरी मिठाईचा पुडा पाठवायचा, आमच्या सत्यनारायणाला येऊन जमिनीवर बसून प्रसाद खाऊन गेला होता. तो म्हणाला, ‘मिस्त्री, हे लेबर ऑफिसला गेलं तर मला शेडला कुलूप घालावं लागंल. तीस जणांना तुम्हीच सांगा मग, कशापायी ते.’ चौदा वर्षं आण्णा त्याच्याकडं होते. हिशेबनिसानं तोड काढली होती. आण्णांनी लिहून द्यायचं की मला पूर्ण अडीच हजार मिळतात, मुलीला माहीत नव्हतं म्हणून तिनं चुकीचं लिहिलं. ते देईपर्यंत घरीच थांबायचं. ‘पण मग वरचे नऊशे जातात कुठं? कायतरी कारण पायजे,’ हिशेबनीस म्हणाला. तिघंही विचार करत बसले म्हणे. शेवटी कारण आण्णांनीच सुचवलं.

‘दारू लिवा म्हटलं,’ त्यांनी मला सांगितलं. ‘दुसरं काय लिवनार? जुगार म्हनलं तर लोक घरी यायला लागतील.’

मी ओरडले, रडले, मालकाला नाही नाही ते बोलले. म्हणाले, आपण लेबर ऑफिसला जाऊ, पेपरात देऊ. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग कोनाड्यातून वही काढून मधला जोडकागद फाडला आणि माझ्यापुढं ठेवला.

‘लिव. तुजं अक्षर चांगलं हाय.’

‘मी नाही लिहिणार.’

‘तू लिवल्यालं तूच निस्तरायचं. लिव, गड्या.’

त्यांनी मला तेव्हाही गड्या म्हणावं! मी पेन उघडलं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. त्यांचं बोलणं मी कागदावर शुद्ध करत होते. ‘मला दरमहा पूर्ण पगार मिळतो. मला दारूचे व्यसन असून पगारातील मोठी रक्कम मी त्यावर खर्च करतो व घरी सांगत नाही. त्यामुळे माझ्या मुलीचा गैरसमज झाला.’ खाली आण्णांनी सही केली. सावकाश, एकेक अक्षर जोडून, रजिस्टरवर करत असतील तशी. आई भिंतीकडं तोंड करून बसली होती. तिनं एवढंच म्हटलं, ‘माज्या नवऱ्याला दारुड्या केलंस गं, भवाने.’ पुढं कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी साताऱ्याला जाताना डबा भरून उंबऱ्यावर ठेवायची आणि आत निघून जायची.

एक प्रत कारखान्यात गेली. हिशेबनिसाच्या पोटात ती किती दिवस राहणार? पुढच्या आठवड्यात चहाच्या गाड्यावर कुणीतरी आण्णांना म्हणालं, ‘काय मिस्त्री, आमाला सोडून एकटंच व्हय?’ ज्यांच्या पाकिटात सोळाशेच असायचे ती ही माणसं. त्यांना सगळं ठाऊक होतं. तरी हसली.

दुसरी प्रत घेऊन मी आणि आण्णा साताऱ्याला गेलो. स्टँडवर उतरल्यावर आण्णा नळापाशी गेले आणि चूळ भरायला लागले. एकदा, दोनदा, चारदा. पिशवीतून दातांची पावडर आणली होती, तिनं पुन्हा दात घासले. मी विचारलं, सकाळी घासले होते ना? तर म्हणाले, ‘वास यायला नको.’

‘कसला वास, आण्णा?’

त्यांचा हात तोंडातच राहिला. मग चूळ थुंकून म्हणाले, ‘तसं न्हवं. आपलं उगंच.’

भाऊसाहेबांनी कागद वाचला. मी टेबलाच्या या बाजूला, आण्णा माझ्या दोन पावलं मागं. टोपी काढून हातात धरलेली. भाऊसाहेब वाचत असताना माझ्या मनात वाक्य तयार होतं. हे खोटं आहे, आण्णा दारू पीत नाहीत, माझ्यामुळं लिहिलंय. तीन तुकड्यांचं वाक्य. वक्तृत्वाच्या ढाली मिळवलेल्या माझ्यासारखीला काय अवघड होतं? पण तीस माणसं होती, शेडचं कुलूप होतं. आणि ते बाजूला ठेवलं तरी, मी घाबरले होते. भाऊसाहेबांनी चष्म्यावरून आण्णांकडं बघितलं आणि अगदी कळवळून म्हणाले, ‘अहो, सोन्यासारखी पोरगी आहे. हिच्याकडं बघून तरी सोडा की.’

आण्णांनी हात जोडले. ‘व्हय सायेब. सोडतो.’

ईबीसी गेली. अडीच हजारांवर ती बसतच नव्हती. भाऊसाहेब म्हणाले, नियमापुढं त्यांचा इलाज नाही. मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली होती. तेवढ्यात त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, ‘कॉलेजचा गरीब विद्यार्थी निधी आहे. तो प्राचार्यांच्या हातात असतो. पगार दिसायला मोठा, पण वडील व्यसनी, घरात काही पोचत नाही, असा शेरा मारतो मी. अशा मुलींना साहेब नाही म्हणत नाहीत.’

आणि खरंच नाही म्हणाले नाहीत. कमी पगाराच्या कामगाराची मुलगी म्हणून जे मिळालं नाही, ते दारुड्याची मुलगी म्हणून मला आठ दिवसांत मिळालं. आण्णांना होस्टेलवरून पत्र टाकलं. त्यांनी उत्तरात एकच ओळ लिहिली होती, ‘देव पावला, अभ्यास कर.’

निधी वर्षावर्षाला मंजूर व्हायचा. दर वर्षी नवा अर्ज, आणि अर्जात परिस्थिती बदललेली नाही असं लिहायचं. ‘वडिलांचे व्यसन अद्याप सुटलेले नाही.’ खाली आण्णांची सही. पत्रानं सही चालली असती, पण भाऊसाहेबांना आण्णा समक्ष हवे असायचे. त्यांना समजावून सांगायचं असायचं ना! त्यांच्या मनानं घेतलं होतं की या माणसाला आपण सुधारायचं. कुठल्याशा महाराजांच्या फोटोपुढं माळ घाला म्हणायचे, सकाळी लिंबूपाणी घ्या म्हणायचे. आण्णा एका दिवसाची मजुरी बुडवून सातारा गाठायचे, स्टँडवर चूळ भरायचे आणि टोपी हातात धरून सगळं ऐकून घ्यायचे.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. त्या वर्षी निधीला अर्ज जास्त आले होते. माझ्या खोलीतली मुलगी म्हणाली, प्राचार्य या खेपेला पालकांना स्वतः बघणार आहेत. आदल्या शनिवारी मी घरी होते. निघायच्या सकाळी आण्णांनी पंचमीला घेतलेला पांढरा शर्ट घातला. तांब्यात निखारे घालून त्याला रात्रीच इस्त्री केली होती. दाढी केली होती, केसांना तेल. साताऱ्याला पोरीच्या कॉलेजात जायचं म्हणून. मी त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाले, ‘आण्णा, हा शर्ट नको. कामावरचा घाला.’

त्यांना आधी कळलं नाही. ‘त्याला तेलाचं डाग हायत.’

‘असू देत,’ मी म्हणाले. मग खाली बघून, ‘दाढी पण नको होती करायला.’

आता त्यांना कळलं. आई दारातच उभी होती, तिलाही कळलं. ती काहीतरी बोलायला गेली, पण आण्णांनी शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली होती. पांढऱ्या शर्टाची घडी घालून तो त्यांनी खुंटीवर नाही, ट्रंकेत ठेवला. कामावरचा घातला. प्राचार्यांनी त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि माझ्या अर्जावर सही केली. मी बाहेर येऊन होस्टेलच्या संडासात तोंडात ओढणी कोंबून रडले. पण तोवर सही झाली होती.

तिसऱ्या वर्षी त्यांनी मला सांगायची वेळ आणली नाही. आपणहून डागाचा शर्ट घालून आले.

डिप्लोमाचा निकाल लागला. फर्स्ट क्लास. आण्णा तर वेडेच झाले. मार्कलिस्ट घ्यायला मी जाणार होते तर तेही निघाले, त्या ट्रंकेतल्या पांढऱ्या शर्टात. साताऱ्यात त्यांनी अर्धा किलो कंदी पेढे घेतले. आणि त्या दिवशी त्यांनी चूळ भरली नाही. नळासमोरून सरळ चालत गेले.

भाऊसाहेबांनी मार्कलिस्ट वाचली. माझ्या डोक्यावर हात ठेवला. पेढा घेतला. मग आण्णांच्या शर्टाकडं, दाढी केलेल्या गालांकडं बघत, अंगठा तोंडाशी नेऊन त्यांनी हळूच विचारलं, ‘काय? कसं चाललंय?’

आता काही अडचण नव्हती. निधी मिळून गेला होता, मार्कलिस्ट माझ्या हातात होती, सगळे कागद फायलीत जाऊन बसले होते. आता मी बोलले असते तर शेडला कुलूप लागणार नव्हतं, कुणाचं काही वाकडं होणार नव्हतं. आण्णांनी माझ्याकडं बघितलं. बघणं म्हणजे, जरा थांबले. मला जागा करून दिली म्हणा ना. मी पेढ्यांच्या पुड्याची दोरी गुंडाळत बसले.

‘सोडली, सायेब,’ आण्णा म्हणाले.

‘काय सांगता! कधी?’

‘आज.’

भाऊसाहेब उठले. तीन वर्षांत पहिल्यांदा ते टेबलाला वळसा घालून अलीकडं आले आणि त्यांनी आण्णांचा हात दोन्ही हातांत धरला. शिपायाला हाक मारली, शेजारच्या टेबलांवरच्या बायांना सांगितलं, ‘अहो, यांनी सोडली! पोरीसाठी सोडली!’ सगळ्यांनी पेढे घेतले. एका बाईंनी आण्णांना नमस्कार केला. आण्णांच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहत होतं आणि ते ‘व्हय, व्हय’ म्हणत होते.

येताना एसटीत आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाली. कराड मागं पडेपर्यंत आण्णा खिडकीतून उसाकडं बघत होते. मग म्हणाले, ‘लय भला मानूस. तीन वर्सं जीव टाकला बिचाऱ्यानं माज्यापायी. त्याला कायतरी द्यायला पायजे हुतं.’

मी म्हणाले, ‘आण्णा, माझं चुकलं.’ तीन वर्षांत पहिल्यांदा.

‘हूं,’ ते म्हणाले. मग खिडकीबाहेर बघतच, ‘तू नोकरीला लाग आता. आनि हातात येतील तेवढ्यावरच सही कर, गड्या.’

दीड महिन्यात मला नोकरी लागली. कुपवाडलाच, दुसऱ्या एका कारखान्यात, तपासणी विभागात. बाई म्हणून घ्यायलाच कुणी तयार नव्हतं, यांनी घेतलं. पुढच्या महिन्याच्या सात तारखेला हिशेबनिसानं माझ्यापुढं रजिस्टर सरकवलं. माझं नाव, नावापुढं आकडा, आकड्यापुढं रेव्हेन्यू स्टँप. रजिस्टरशेजारी पाकीट होतं. उघडून बघितलं तर आतले पैसे आणि आकडा यांचा मेळ नव्हता. माझ्यामागं रांगेत माणसं उभी होती, कुणाला घाई होती, कुणी खोकत होतं. मी पेन उचललं आणि सही केली.

घरी येऊन पाकीट आण्णांच्या हातात दिलं. आईनं ते आधी देवापुढं ठेवायला लावलं, हळदकुंकू वाहिलं. मग आण्णांनी चटईवर बसून नोटा मोजल्या. दोनदा मोजल्या. पाकिटात परत घातल्या आणि माझ्याकडं बघितलं. कितीवर सही केलीस, ते त्यांनी विचारलं नाही.